छायाचित्र-निबंधाची पानरचना : कर्जत-खालापूरच्या निमित्ताने

छायाचित्र-निबंधाचा विचार करू लागलो म्हणजे आपले लक्ष स्वाभाविकपणे एकेका चित्राकडे वळते. प्रकाश कसा पडला आहे, क्षण कसा साधला आहे, मुद्रेवरील भाव किती बोलका आहे, याची चर्चा होते आणि बहुधा तेथेच समीक्षा संपते. एखाद्या कवितासंग्रहातील चार-दोन कविता वेचून त्यांचे रसग्रहण करावे आणि संग्रहाविषयी काही बोलूच नये, तसाच हा प्रकार होय. निबंध म्हटला की त्यात विधानांमागून विधाने येतात. त्यांचा परस्परांशी संबंध असतो. लिखित निबंधात हा संबंध व्याकरण जोडते. छायाचित्र-निबंधात तो पान जोडते. कोणते चित्र डाव्या पानावर आणि कोणते उजव्या, कोणते पानभर आणि कोणते टपालाच्या तिकिटाएवढे, कोणत्या चित्राखाली माणसाचे नाव आणि कोणत्याखाली नुसतेच ‘आदिवासी स्त्री’, या निर्णयांतूनच निबंधाचे प्रतिपाद्य सिद्ध होते. छायाचित्रकाराच्या मनात नसलेलेही पान बोलून जाऊ शकते, आणि त्याने बोललेले खोडूनही टाकू शकते. म्हणून पानरचना ही मुद्रकाच्या सोयीची बाब न मानता अर्थनिर्णयाची बाब मानावयास हवी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हे मत पडताळून पाहण्यासाठी कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचे उदाहरण घेण्यास कारण आहे. रायगड जिल्हा म्हटला की समुद्र, नारळीपोफळीच्या बागा आणि जलदुर्ग डोळ्यांपुढे येतात. या दोन तालुक्यांत त्यांपैकी काहीच नाही. येथे आहे तो सह्याद्री. माथेरानचे कडे, भोरघाट, इर्शाळगडाचा सुळका, आणि त्यांच्या पायथ्याशी व अंगाखांद्यावर भातखाचरे, ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या. रेल्वेमुळे मुंबईहून हा प्रदेश लवकर गाठता येऊ लागला आणि कॅमेराही तेथे लवकरच पोहोचला. तेव्हापासून आजपर्यंत या प्रदेशाची जी चित्रे छापली गेली त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते : डोंगराला पान मिळते आणि माणसाला कोपरा. हा दोष कॅमेऱ्याचा मानावा की पानाचा, हा येथे प्रश्न आहे.

प्रारंभ अर्थातच भोरघाटाच्या रेल्वेमार्गापासून करावयास हवा. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेल्या या मार्गाचे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. पहिला कंत्राटदार फेव्हिएल याने मजुरांच्या असंतोषानंतर १८५९ मध्ये काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल मुंबईस उतरल्यावर अल्पावधीतच मरण पावला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने अ‍ॅडमसन व क्लाउझर या दोन अभियंत्यांच्या साहाय्याने कंत्राट पुरे केले. सुमारे २५ किलोमीटरांची लांबी, १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे आणि आठ मोठे दगडी पूल असा हा मार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. १८६१ मध्ये, काम ऐन भरात असताना, त्यावर ४२,००० च्या आसपास मजूर राबत होते. पटकीच्या साथींनी त्यांतील हजारोंचा बळी घेतला. या बांधकामाच्या छायाचित्रांचा संग्रह अ‍ॅलिस ट्रेडवेल यांच्या नावाने ओळखला जातो, आणि भारतात कॅमेरा हाताळणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

त्या काळच्या अशा संग्रहांची पानरचना कशी असे हे नीट पाहण्याजोगे आहे. छायाचित्रण ओल्या कोलोडियनच्या पद्धतीने होई. काचेवर लेप चढवून तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच धुवावे लागे. म्हणजे अंधारकोठडीचा तंबू कॅमेऱ्याबरोबर डोंगरावर न्यावा लागे. चित्र उमटण्यास काही सेकंद लागत, आणि तेवढ्या अवधीत जो हलला तो पुसट झाला. पूल हलत नाही. पहार मारणारा मजूर हलतो. तेव्हा मजुराला चित्रात यावयाचे असेल तर काम थांबवून उभे राहणे भाग होते. अशा रीतीने काम करणारा माणूस काम न करतानाच दिसू लागला, आणि दिसला तोही बहुधा कमानीची उंची कळावी म्हणून उभी केलेली मोजपट्टी म्हणून. इथवर कारण तंत्राचे आहे, आणि तंत्राला दोष देण्यात अर्थ नाही.

पुढचे मात्र पानाचे आहे. हाफटोन ठसे १८८० नंतरच्या काळात प्रचारात आले. तोवर छायाचित्र आणि मजकूर एका यंत्रावर छापता येत नसे. म्हणून छायाचित्राची प्रत जाड कागदावर चिकटवावयाची, एका पानावर एकच, भोवती रुंद समास, खाली एक ओळ. त्या ओळीत बोगद्याचा किंवा पुलाचा उल्लेख येणार. समोर उभ्या असलेल्या माणसांचा नव्हे. चित्रांचा क्रम मार्गाच्या क्रमाने, म्हणजे पायथ्याकडून खंडाळ्याकडे. असा संग्रह चाळणारा वाचक नकळत चढणीचा प्रवास करतो, आणि तो प्रवास गाडीतून करणाऱ्याचा असतो. दोन पुलांमध्ये पटकीचा तळ होता, तेथे पान थांबत नाही. ‘घाट’ या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. येथे डोंगरातील घाटानेच निबंधाचा घाट ठरवून टाकला, असे म्हणावयास हरकत नाही. एक पान, एक चित्र, एक कमान, ही रचना दगडाला चिरस्थायी करते. प्रत्यक्षात त्याच मार्गावरील मऊ की मळी येथील पूल जुलै १८६७ मध्ये कोसळला.

माणसे पानाच्या मध्यभागी आली ती दुसऱ्याच प्रकारच्या ग्रंथांत. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील विविध जातिजमातींची छायाचित्रे दोन खंडांत प्रसिद्ध केली (१८६३ व १८६६). त्यांतील माणसांच्या आकृती एके ठिकाणी टिपून वेगळ्याच पार्श्वभूमीवर जोडलेल्या आहेत. पुढे वॉटसन आणि के यांनी संपादिलेला ‘पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात निघाला. येथे डोंगर नाहीसा झाला आणि माणूस मोठा झाला, परंतु तो नमुना म्हणून. चित्राला मजकुराची जोड, आणि मजकुरात त्या जमातीच्या स्वभावाविषयी सरसकट विधाने. भोरघाटाच्या चित्रांत माणूस मोजपट्टी होता, येथे तो मासला झाला. नाव दोन्हीकडे नाही. या दोन पानरचनांची सरमिसळ आपण अद्याप करीत आलो आहोत. पर्यटनाच्या पुस्तिकेत माथेरानच्या कड्यांमागून ठाकर नृत्याचे एक चौकोनी चित्र येते, ते याच वंशातले.

मराठी ग्रंथव्यवहाराने यात आपली एक भर घातली. खिळ्यांच्या छपाईत मजकूर साध्या कागदावर आणि हाफटोन चित्रे गुळगुळीत आर्टपेपरवर छापावी लागत, कारण जाडसर कागदावर बारीक जाळीचा ठसा भरून जाई. परिणामी चित्रांची पाने वेगळी छापून ग्रंथाच्या मध्यावर किंवा आरंभी एकत्र शिवली जात. वाचक मजकूर वाचीत असताना चित्र तेथे नसे, आणि चित्र पाहताना मजकूर नसे. ऑफसेट आल्यावर हे बंधन सुटले. सवय मात्र राहिली. आजही विभागा-विभागांतून सादर होणाऱ्या प्रबंधांत क्षेत्रकार्याची छायाचित्रे परिशिष्टात, एका पानावर सहा, अशी कोंबलेली आढळतात.

खरा छायाचित्र-निबंध सचित्र साप्ताहिकांनी घडविला. ‘लाइफ’ मध्ये २० सप्टेंबर १९४८ रोजी आलेला यूजीन स्मिथ यांचा ग्रामीण डॉक्टरावरील निबंध अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. आरंभी ढगाळ आभाळाखाली रानातून चालत येणारा डॉक्टर, शेवटी स्वयंपाकघरात कॉफीचा पेला हाती घेऊन थकून उभा राहिलेला तोच डॉक्टर. मधल्या पानांवर चित्रांचे आकार कथेच्या गतीप्रमाणे लहानमोठे होत जातात. हे यश जितके छायाचित्रकाराचे तितकेच मांडणीकाराचे होते, आणि नेमके हेच स्मिथ यांना सहन होईना. श्वाइट्झर यांच्यावरील १९५४ च्या निबंधाच्या मांडणीवरून त्यांचा संपादकांशी संघर्ष झाला आणि त्यांनी नोकरी सोडली. पानावर हक्क कोणाचा, हा वाद तेव्हापासूनचा आहे. त्याही आधी, १९४१ मध्ये, जेम्स एजी आणि वॉकर एव्हन्स यांनी अमेरिकेतील खंडकरी शेतकऱ्यांवरील आपल्या ग्रंथात सर्व छायाचित्रे आरंभी, एकही चित्रओळ न देता ठेवली होती. चित्राला मजकुराचे दास्य नको, असा त्यामागील विचार. विचार थोर आहे. परंतु आपल्या वाचकाला तो जसाच्या तसा लागू पडेल असे वाटत नाही. ज्या समाजाची चित्रे शंभर वर्षे नावाविना छापली गेली, त्याच्या चित्राखालची ओळ काढून घेणे म्हणजे मुक्तता नव्हे.

येथे मर्ढेकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात त्यांनी लयीची जी तत्त्वे मांडली, ती संवाद, विरोध व समतोल ही त्रयी, शब्दकृतीपेक्षाही जोडपानाला अधिक सहजपणे लागू पडते. समोरासमोरच्या दोन चित्रांत आकाराचा किंवा छटेचा संवाद असतो, विरोध असतो, आणि दोन्हींना तोलून धरणारा समतोल मांडणीकाराला साधावा लागतो. खोपोलीच्या जलविद्युत केंद्राकडे (१९१५) उतरणाऱ्या जाडजूड नळांचे चित्र डावीकडे आणि डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढणाऱ्या बाईचे उजवीकडे, अशी कल्पना करा. तिरप्या रेषा एकमेकींना उत्तर देतात. नळांचा भार आणि हंड्याचा भार यांत विरोध आहे. पान देखणे होते. आणि देखणे झाल्यामुळेच ते फसवे होते. पाणी डोंगरावर पडते, वीज व पाणी शहराकडे जाते आणि वाडीला हंडा उरतो, हे विधान त्या रेषांच्या खेळात विरून जाते. मोरबे धरणही खालापूर तालुक्यातच आहे, आणि त्याचे पाणी नवी मुंबई पिते. लौकिक भावना व सौंदर्यभावना यांची मर्ढेकरांनी केलेली फारकत चित्रकलेच्या दालनात कदाचित टिकेल; छायाचित्र-निबंधाच्या पानावर टिकत नाही, कारण तेथील रेषा ही कुणाची तरी मान असते. समतोल हा पानाचा गुण खरा, परंतु ज्या वास्तवात समतोल नाही ते मांडताना पानाने तो परस्पर बहाल करू नये.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. सोळा पानांचा एक फर्मा, मध्ये शिवलेला, आणि विषय कर्जत-खालापूर, असे धरून चाललो तर सात जोडपाने हाती येतात. पहिले व सोळावे पान एकटे. यांत आठ-नऊ ही जोडी विशेष महत्त्वाची, कारण केवळ तेथेच कागद सलग असतो. अन्यत्र दोन पानांवर पसरलेले चित्र शिवणीत तुटते आणि डाव्या-उजव्या छपाईत केसभर सरकते. त्यामुळे मध्यपानावर सह्याद्रीच्या रांगेचे विस्तीर्ण चित्र घालण्याचा मोह प्रत्येक मांडणीकाराला होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो टाळावा. ही जागा कर्जत स्थानकाच्या फलाटाला द्यावी. घाट चढण्यासाठी गाड्यांना मागून इंजिने जोडण्याचे हे ठिकाण. लोकलचे प्रवासी, घाटमाथ्याकडे निघालेले प्रवासी, बटाटेवडे विकणारे, दूधवाले, भाजीच्या पाट्या घेतलेल्या स्त्रिया, सारे एका आडव्या रेषेवर येतात. आडव्या चित्राला आडवे पान हवेच असते, आणि येथे ते डोंगराऐवजी माणसांच्या रांगेला मिळते. डोंगर मागे दिसेलच. त्याला वेगळे निमंत्रण लागत नाही.

क्रम भूगोलाचा नको. मुंबईकडून निघून घाटाकडे जाणारा क्रम घेतला की पुन्हा रेल्वेच्या प्रवाशाचाच डोळा आला. वर्षाचा क्रम घ्यावा : उन्हाळ्यात राब भाजणे, मृगानंतर पेर, आषाढात लावणी, दिवाळीच्या आसपास कापणी, आणि त्यानंतर वीटभट्ट्यांकडे होणारे कातकरी कुटुंबांचे स्थलांतर. या शेवटच्या टप्प्यावर एक रचना विशेष अर्थवाही होईल. डाव्या पानावर लावणीच्या दिवसांत माणसांनी गजबजलेली वाडी, उजव्या पानावर त्याच जागेवरून, त्याच आकारात, माघातील तीच वाडी : दारे ओढून घेतलेली, कारवीच्या कुडांवर ऊन. भट्टीचे चित्र पान उलटल्यावर यावे. पान उलटण्याची क्रिया ही छायाचित्र-निबंधातील एकमेव खरी काळाची मात्रा आहे. चित्रपटाला ती उपलब्ध नाही, आणि मुद्रित निबंध तिचा उपयोग क्वचितच करतो.

चित्रओळींविषयी थोडे तपशिलाने लिहिणे भाग आहे, कारण इंग्रजी नियतकालिकांची मांडणी समोर ठेवून मराठी पाने जुळविली जातात आणि फसतात. रोमन लिपीत सात-आठ पॉइंटांची चित्रओळ वाचता येते. देवनागरीत वेलांट्या, मात्रा, उकार यांमुळे अक्षराचा गाभा मुळातच लहान होतो. त्या आकारात ऱ्हस्व-दीर्घ ओळखू येत नाही. शिवाय शिरोरेषा चित्राच्या खालच्या कडेला समांतर धावते आणि फार जवळ आली तर चित्राला दुसरी काळी चौकट लागल्यासारखी दिसते. म्हणून ओळ मूळ मजकुराच्याच आकाराची असावी आणि चित्रापासून निदान एका ओळीच्या अंतरावर. याचा लाभ केवळ डोळ्यांना होतो असे नाही. मोठ्या अक्षरांत ‘आदिवासी स्त्री’ असे छापताना संपादकाला संकोच वाटू लागतो. बारीक अक्षरांत तो वाटत नाही.

आणि आता ज्याच्यामुळे हा सारा विचार करावा लागला तो विषय. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या अंगावरील इर्शाळवाडी या ठाकरांच्या वाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. यंत्रे वर नेता येईनात. पावसात चढून गेलेल्या पथकांनी कुदळ-फावड्यांनी आणि हातांनी माती उपसली. २३ जुलैला शोध थांबविला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. त्या दिवसांत प्रसिद्ध झालेल्या चित्रांतील दूरवरून घेतलेले दृश्य अनेकांच्या स्मरणात असेल : हिरवागार डोंगर, त्यावर तांबूस ओरखडा, आणि त्या ओरखड्यात ठिपक्यांसारखी माणसे. दुसरा प्रकार आक्रोश करणाऱ्या स्त्रीच्या जवळून घेतलेल्या चेहऱ्याचा. पहिला भोरघाटाचा वारस आहे, दुसरा जमातींच्या ग्रंथांचा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. माणसे ठिपक्यांएवढी दिसतात कारण त्या रात्री ती खरोखरच तेवढी होती. डोंगराचे आकारमान हेच तेथील सत्य आहे, मग ते पानभर का नको? ते अवश्य यावे. फक्त ते आधी येऊ नये. ज्या वाडीची घरे, चुली, उंबरे वाचकाने पाहिलेच नाहीत, तिच्यावरील ओरखडा म्हणजे त्याच्यापुरते निसर्गचित्रच. दहाव्या-अकराव्या पानापर्यंत वाडीतील जीवन कसे असते हे शेजारच्या वाड्यांच्या चित्रांतून कळले, म्हणजे बाराव्या पानावर तेच दृश्य अर्ध्या आकारातही पुरेसे होते. समोरचे तेरावे पान मजकुराचे असावे. आक्रोशाचे चित्र मुळीच घेऊ नये. त्या क्षणी त्या स्त्रीला संमती विचारणे शक्य नव्हते, आणि नंतर ती मिळाली तरी वाचकाला त्या चित्रातून दु:खापलीकडे काही कळत नाही.

वाचलेल्या कुटुंबांना आरंभी कंटेनरांच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत ठेवण्यात आले. एकसारख्या चौकोनांची ती रांग पाहून पानही एकसारख्या चौकोनांत विभागावे असे कोणाही मांडणीकाराला सुचेल. यात धोका असा की समान आकाराच्या चेहऱ्यांची जाळी म्हणजे पुन्हा ‘नमुन्यांचा’ तक्ता. लाभ असा की कोणालाही मोठे वा लहान केले जात नाही. चौदाव्या पानावर ही जाळी घ्यावी, परंतु चेहऱ्यांऐवजी प्रत्येक निवाऱ्याच्या आतील भागाची : काय बरोबर आले, कोठे टांगले, चूल कोठे मांडली. चौकोन बाहेरून सारखे आणि आतून एकही सारखा नाही, हे वाचकाला चित्रओळीवाचूनही कळेल.

राहिला प्रश्न ज्यांचे चित्र घेताच येत नाही त्यांचा. पंधराव्या पानावर चित्र नको. आप्तांची संमती असेल तर तेथे नावे असावीत. २७ आणि ५७ मिळून ८४ नावे. तीन स्तंभांत प्रत्येकी २८ ओळी, बारा पॉइंटांत, ओळींमध्ये पुरेसा अवकाश सोडून, क्राउन क्वार्टोच्या एका पानावर ती बसतात. मिळालेले आणि न मिळालेले असा भेद अक्षरांच्या जाडीने दाखवू नये. नावे वर्णानुक्रमाने लावली तर ती हजेरीपटासारखी दिसतील. ती घरांच्या क्रमाने, वाडीत जी घरे एकमेकांशेजारी होती त्याच क्रमाने लावावीत, आणि हा क्रम वाडीतील वाचलेल्या माणसांना विचारूनच ठरवावा.